राष्ट्रीयत्वाचा रकाना

ताई, तुझ्या मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत मीच गेले. हे म्हणाले, मी जाऊन येतो, पण मी कुणाला जाऊ दिलं नाही. ग्रामसेवकाने रजिस्टर उघडलं आणि एकेक विचारत गेला. नाव? यमुना. वडिलांचं नाव? महादेव सखाराम. जन्म कुठला? मी म्हटलं, जिंजा, युगांडा. त्याने मान वर केली, अक्षरं विचारून घेतली आणि सावकाश लिहिली. पुढच्या रकान्यासाठी मात्र त्याने मला काही विचारलंच नाही. राष्ट्रीयत्व म्हणून सवयीने 'भारतीय' लिहिलं आणि टीपकागद घ्यायला हात पुढे केला.

मी म्हटलं, "थांब, मले पाहू दे."

"काही चुकलं का काकू?"

"चुकलं नाही बापा. बरोबर हाय."

ज्या एका शब्दासाठी तू तीन वर्षं बुलढाण्याच्या खेपा घातल्यास, तो त्याच्या हातून एका दमात उतरला होता. शाई वाळेपर्यंत मी पाहत उभी राहिले. त्याला वाटलं असेल, बाईला दुःख झालंय. झालं होतंच. पण खरं सांगते, त्या घडीला मला बरंही वाटलं.

आज तुला जाऊन महिना झाला. तुझ्याशी बोलायची सवय काही सुटत नाही. शिवाय एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली आहे. जिवंतपणी शंभरदा ओठांवर आली आणि शंभरदा गिळली. आजही ती आधी सांगायचा धीर होत नाही. म्हणून तू आलीस त्या दिवसापासून सुरू करते.

दुष्काळाचं साल होतं. विहिरीने तळ दाखवला होता, गावातली अर्धी माणसं खडी फोडायला जात होती. अशात मुंबईहून तुझी तार आली: अमुक गाडीने मलकापूरला उतरते. आम्ही तुला कधी पाहिलेलं नव्हतं. महादेवकाका मलकापुरातल्या जिनिंगमध्ये फिटर होते, इंग्रजाच्या अमदानीत आफ्रिकेत सरक्या काढायच्या कारखान्यावर गेले आणि तिकडचेच झाले, एवढंच घरात ठाऊक. त्यांना एक मुलगी आहे, ती तिथल्या सरकारी दवाखान्यात सुईणीचं काम शिकली आहे, असं एका जुन्या पोस्टकार्डात आलेलं.

मला वाटलं होतं, कोणी मड्डमबाई उतरेल. उतरलीस तू, नऊवारीही नाही आणि झगाही नाही, साधं फिकट पातळ, हातात एक सुटकेस. माझ्याकडे पाहून म्हणालीस, "तू रामूची बायको हायस नं? सुमन?" आणि मी आ वासून पाहत राहिले. तुझी बोली माझ्या सासऱ्यांसारखी होती. बापाने जी वऱ्हाडी सोबत नेली, तीच तू परत घेऊन आली होतीस, पन्नास वर्षांपूर्वीची. आमच्या पोरी मलकापूरच्या शाळेत जाऊन पुण्याचं मराठी बोलायला लागल्या होत्या, आणि तू जिंजाहून येऊन 'मले', 'तुले' म्हणत होतीस.

फलाटावर तू खोल श्वास घेतलास. "माह्या बापानं सांगतलं होतं, मलकापुरले उतरलं का कापसाचा वास येते. मले तं कोळशाचाच येऊन राह्यला."

हे हसले. मी हसले नाही. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

तुझ्यावर काय गुदरलं ते तू दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसून सांगितलंस, भाकरी थापता थापता, जणू शेजारणीची हकिकत सांगावी तसं. तो देश स्वतंत्र झाला तेव्हा दवाखान्यात सांगण्यात आलं, नोकरी टिकवायची तर इथलं नागरिक व्हा. तुझ्याकडे इंग्रज सरकारचा पासपोर्ट होता. तू अर्ज दिलास, नवा पासपोर्ट मिळाला. जुनं नागरिकत्व सोडल्याचा कागद तीन महिन्यांत पोचायला हवा होता. तू तो टपालात टाकलास. तो मुदतीनंतर पोचला. दहा वर्षं त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मग तिथल्या लष्करी राजवटीने हुकूम काढला की आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत चालते व्हावं. तू म्हणालीस, आपण तर नागरिक आहोत. रांगेत उभी राहिलीस. खिडकीतल्या माणसाने तुझा कागद उशिरा पोचल्याची तारीख काढली आणि पासपोर्टवर 'रद्द' असा शिक्का मारला.

"मंग इंग्रजाच्या कचेरीत गेली. ते म्हणे, बाई, तुमी तं आमचं सोडून देल्लं. म्या म्हणलं, पण यायनं घेतलंच नाई. ते म्हणे, ते त्यायचं पाहा." तव्यावरची भाकरी उलटून तू पुढे म्हणालीस, "एक म्हणते तू आता आमची नाई. दुसरा म्हणते तू कधी आमची नव्हतीच. म्या तिथं सहाशे लेकरं जन्माले घातली, सुमन. एकाच्याही बापाले ईचारलं नाई का तू कोन्या देशाचा."

तुझे यजमान आधीच वारलेले. त्यांचा पासपोर्ट इंग्रजी, म्हणून मुलीचाही, उषाचाही. एकोणीस वर्षांची उषा काकाच्या कुटुंबासोबत विमानाने लंडनला गेली. तुला त्या विमानात जागा नव्हती, कारण कागदावर तू कुणाचीच नव्हतीस. तुझ्यासारख्यांना कुठल्या तरी तिसऱ्याच देशातल्या छावणीत नेत होते. तू तिथे गेली नाहीस. बापाची जुनी पोस्टकार्डं घेऊन भारताच्या कचेरीत गेलीस, त्यांवरचा आपल्या गावचा, वडनेर भोलजीचा टपालशिक्का दाखवलास आणि एकदाच वापरायचा, एका पानाचा प्रवासाचा कागद घेऊन बोटीत बसलीस.

हे सगळं ऐकून मी रडायला हवं होतं. मी मनात एकरांचा हिशोब करत होते. जमीन सखारामबाबांची, दोन भावांची. एक भाऊ आफ्रिकेत गेला, म्हणून सगळी आमच्याकडेच वाहत आली. आता त्याची मुलगी दारात उभी. वर दुष्काळ, तीन पोरं, आणि विहीर आटलेली.

तुला इथे राहायची परवानगी सहा सहा महिन्यांची. दर खेपेला बुलढाण्याला जाऊन वाढवून घ्यायची. नागरिकत्व मिळवायचा रस्ता होता, तो तूच शोधून काढलास. आई किंवा बाप हिंदुस्थानात जन्मल्याचा पुरावा द्यायचा, इथे काही काळ राहिल्याचं दाखवायचं आणि कलेक्टरकडे अर्ज करायचा. तू मलकापूरच्या तहसील कचेरीत जाऊन जुनी कोतवाल बुकं काढायला लावलीस. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे पूर्वी कोतवाल त्या बुकात लिहून घ्यायचा. आठ दिवस धूळ खाल्लीस आणि नोंद सापडली. पण तिच्यात लिहिलं होतं: सखाराम, वडनेर, मुलगा. नाव नव्हतंच. पूर्वी बारशाआधीच नोंद व्हायची, नाव कोण घालणार?

कारकून म्हणाला, हा मुलगा म्हणजेच महादेव, असं भाऊबंदांपैकी कोणी प्रतिज्ञेवर लिहून द्या. एक सही. तुझ्या चुलतभावाची.

आता ती गोष्ट, ताई. यांनी सही करायला नकार दिला नव्हता. ते त्याच दिवशी करणार होते. मी अडवलं. मी म्हटलं, "आज सही कराल, उद्या हिस्सा द्याल. पोरायच्या तोंडाकडे पाहा. थोडं थांबा नं." ते थांबले. तुला सांगितलं, सवड नाही, पेरणी होऊ दे, मग सुगी होऊ दे. तुझा अर्ज 'पुरावा अपुरा' म्हणून परत आला. तू पुन्हा केलास. तो पुन्हा परत आला. दीड वर्ष गेलं. तू कधी यांना दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. मला वाटायचं, तू रामूला आळशी समजतेस. रामू आळशी नव्हता. मी होते.

त्या दीड वर्षात तू काय केलंस ते आठवलं की मला आजही मान वर करवत नाही. सरकारी दवाखान्यात तुला ठेवून घेता येत नव्हतं, कागद नव्हते ना. म्हणून तू दाईच्या मागोमाग घरोघर जायचीस. सुरी उकळून घ्यायला लावायचीस, हात धुवायला लावायचीस. दाईला आधी राग यायचा, मग तीच तुला बोलवायला यायला लागली. आणि प्रत्येक बाळंतपणानंतर तू बापाला उंबऱ्यावर गाठायचीस.

"नोंद केली का?"

"करतो नं बाई, बारसं होऊ दे."

"बारशानंतर पुन्हा जायजो, नाव घालून येजो. नुसतं 'मुलगी' लिहून येशीन तं म्या सोबत येईन."

आणि जायचीसही. तुझ्या भीतीने गावातली माणसं पंचायतीच्या पायऱ्या चढायला लागली. आज या गावात सहा वर्षांखालचं एक लेकरू नाही ज्याचं नाव त्या रजिस्टरात नाही. हे मी ग्रामसेवकाच्या तोंडून ऐकलं, त्याच दिवशी, तुझी नोंद करताना.

मी तुझ्यासोबत बुलढाण्याला गेले ती माझ्या डोळ्यांच्या औषधासाठी. तुझीही मुदत वाढवायची होती, म्हणून तू म्हणालीस, चल, सोबतच होईल. पोलीस कचेरीत मी बाकावर बसले आणि तू टेबलासमोर उभी राहिलीस. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने तुला खुर्चीही दिली. पण फॉर्म भरायचा होता.

"राष्ट्रीयत्व?"

"नाही," तू म्हणालीस. तो लिहून मोकळा झाला. त्याच्यासाठी ते नवं नव्हतं, मागच्या तिन्ही खेपांना त्याने तेच लिहिलं होतं.

"कायमचा पत्ता?"

"वडनेर भोलजी."

"तो तात्पुरता झाला बाई. तिथं तुम्ही मुदतीवर आहात. कायमचा सांगा."

तू फॉर्मवरच्या त्या रकान्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "कायमचा नाही."

तू रडली नाहीस, आवाजही बदलला नाही. विचारलं त्याचं खरं उत्तर दिलंस, बस. आणि मी बाकावरून उठले. कशी उठले मला माहीत नाही. म्हटलं, "काऊन नाही? वडनेरच लिहा. आमच्या घरची हाय ते. माह्या चुलतसासऱ्याची पोरगी हाय. त्यायचं घर, त्यायची विहीर, सगळं तिथंच हाय."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. शांतपणे म्हणाला, "मग हेच कागदावर लिहून द्या ना. कलेक्टर कचेरीतली यांची फाइल दीड वर्ष एवढ्याचीच वाट पाहतेय."

ताई, त्याला काय ठाऊक तो कुणाला बोलतोय. परतताना राजूर घाटात एस.टी. वळणं घेत होती, तू खिडकीकडे होतीस. तू माझा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "आज तू बोल्ली ते चांगलं केलं." मला तो हात काढून घ्यावासा वाटला. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी यांना घेऊन मलकापूरला गेले. सही झाली. साक्षीदार म्हणून दुसरी सही मी केली.

त्यानंतरही वेळ लागलाच. बुलढाण्यात एका तरुण कारकुनाने नवीनच शंका काढली. महादेवकाका जन्मले तेव्हा वऱ्हाड नावाला निजामाचं आणि कारभार इंग्रजांचा, मग त्यांचा जन्म नेमका कुणाच्या मुलखात धरायचा? त्याचा हेडक्लार्क म्हातारा होता. तो चष्म्यावरून म्हणाला, "अरे, वडनेर तेव्हा इथंच होतं ना? की तेही नंतर आणून ठेवलं? लिही." बाहेर आल्यावर तू पोट धरून हसलीस. "म्हणजे माह्या बापालेही धड देश नव्हता. आन् तो बिचारा जन्मभर आपल्या देशाले चाललो, आपल्या देशाले चाललो करत राह्यला."

मग तुझ्या शपथेचा दिवस आला. कागद हातात आल्यावर तू तो वाचला नाहीस, नुसता धरून उभी राहिलीस. मग आपण स्टँडवर भजी खाल्ली आणि तुला ठसका लागला, कारण मिरची तुला शेवटपर्यंत सोसली नाही. महिनाभरात गावच्या आरोग्य उपकेंद्रात तुला नेमणूक मिळाली. ज्या कामाला तू आधीच लागली होतीस, त्याच कामावर सरकारने तुला ठेवलं.

जमिनीचं मीच काढलं. तू म्हणालीस, "राहू दे नं." मी म्हटलं, "राहू देणार नाही." तुझं नाव सात-बाऱ्यावर चढलं तेव्हा यांनी तो उतारा तुला द्यायला माझ्याच हाती ठेवला. तुझ्या तुकड्यात तू भुईमूग लावलास आणि कच्च्या केळ्यांवर शेंगदाण्याची आमटी घालून आम्हाला जिंजाचं जेवण खाऊ घातलंस. पोरांना आवडलं. मला नाही आवडलं, आणि हे मी तुला तोंडावर सांगितलं होतं. निदान तेवढं तरी सांगितलं होतं.

आपलं एकच भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायची, पोरीजवळ जा. तू म्हणायचीस, नाही. गंमत बघ ताई, तू आलीस तेव्हाही मी हेच म्हणायची, "पोरगी तिकडं, तू इकडं, हे काय बरं?" तेव्हा मला तू जायला हवी होतीस. नंतरच्या वर्षांत मी तेच शब्द बोलायची आणि मनातून म्हणायची, जाऊ नकोस. वाक्य एकच होतं. पहिलं कोणतं आणि दुसरं कोणतं, ते तुला कळत होतं का?

उषा तिकडे दुकानात कामाला लागली, लग्न झालं. तुला कायमचं बोलवायचा तिने अर्ज केला, तो नाकारला गेला. तिथले नियम असे की आई साठीच्या पुढची हवी, लेकीवर अवलंबून असलेली हवी. तू पन्नाशीतली आणि पगार घेणारी. मग भारताचा पासपोर्ट काढून तू पाहुणी म्हणून गेलीस. सहा आठवडे. मला खात्री होती, तू येत नाहीस. मी तुझी खोली सारवली नाही, मुद्दाम. आशा नको म्हणून. आणि एका दुपारी तू सुटकेस घेऊन अंगणात उभी.

तू सांगितलेलं ते विमानतळावरचं मी किती जणांना सांगितलं असेल. तिथला अधिकारी तुला तासभर विचारत होता, परत कशावरून जाल? तू इंग्रजीत म्हणालीस, "साहेब, माझ्या गावात बायका बाळंत व्हायच्या थांबत नाहीत. मला जावंच लागेल." त्याने शिक्का मारला. आम्ही विचारलं, लेकीजवळ राहावंसं नाही वाटलं? तू पाय धूत म्हणालीस, "वाटलं नं. रोज वाटलं. पन तिथं म्या पाव्हनी होती. इथं म्या घरी हाय. उषीले बी ते समजलं. ते म्हणे, आई, तुह्या पाठीमागं एक घर हाय हे पाहून मले बरं वाटते."

त्यानंतर तू दीड वर्ष होतीस. दीड वर्ष. मी अडवलं तेवढंच. हा हिशोब मी करायला नको, पण होतो. गेलीस तेही तुझ्या पद्धतीने, कुणाला तसदी न देता. दुपारी चहा ठेवते म्हणालीस आणि भिंतीला टेकून बसलीस.

उषाला तार केली. ती येऊ शकली नाही, दिवस गेले आहेत, डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही. मग मी तिला लांबलचक पत्र लिहिलं आणि त्यात सगळं लिहिलं. "उषा, सही मी अडवली होती. तुझ्या आईची दीड वर्षं माझ्यामुळे गेली. तिला नाही सांगू शकले, म्हणून तुला सांगते. तुला माझा राग आला तर तो माझा आहे, मी घेईन."

काल उत्तर आलं. उषाचं मराठी तुझ्यासारखंच, कानाने शिकलेलं, लिहिताना अडखळतं. तिने लिहिलं आहे: "मामी, आईला ठाऊक होतं. तिने मला तेव्हाच लिहिलं होतं. ते पत्र माझ्याजवळ आहे. त्यातलं उतरवून पाठवते." आणि खाली तुझे शब्द, तुझ्या बोलीत, तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात:

"सुमन मले भेते, शेतासाठी. रामूले सुमनच थांबवून राह्यली. म्या काई बोलत नाई. भेणाऱ्या माणसाचा राग करू नये, उषे. आपुन तिकडं वेळेवर भेलो असतो तं आपला कागद वेळेवर पोचला असता. तिले घर सांभाळाचं हाय. एक दिवस सुमनच सही आणून देईन, पाहाजो."

ताई, मी ते ओसरीवर उभ्यानेच वाचलं आणि मग बसले. राजूर घाटात तू हात धरलास तो हे माहीत असून धरलास. मला सही करायला तू दीड वर्ष दिलंस, आणि ती माझी मला करू दिलीस.

पत्राच्या शेवटी उषा लिहिते, बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याला घेऊन येते. आजीचं गाव दाखवायचं आहे. तिला भीती वाटते, इंग्रजी पासपोर्टवर आलेल्या बाईला आणि बाळाला कुठे कुठे जाऊन नोंदी कराव्या लागतील, कोण काय विचारेल.

मी आजच उत्तर टाकलं. लिहिलं, बिनघोर ये. काही लागलंच तर बुलढाण्याची कचेरी मला पाठ आहे, कोणत्या टेबलावर कोण बसतो तेही ठाऊक आहे. कायमचा पत्ता विचारला तर माझ्याकडे बोट दाखव. पुढचं मी बोलेन.